उनो, दोस आणि एक लिंबू

प्रवासाला निघताना सोबत काय न्यावं याच्या याद्या पुष्कळ छापून येतात. त्यात स्पॅनिश तलवार नेऊ नये असं कोणी लिहिलेलं नसतं, म्हणून मी नेली.

ही तलवार माझ्याकडे कशी आली ते आधी सांगतो, नाहीतर मी कोणी शूर माणूस आहे असा वाचकांचा गैरसमज व्हायचा. मी जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. गेलेले दिवे परत आणायचे, एवढंच माझं शौर्य. दोन वर्षांपूर्वी आमचं जहाज फिलिपाइन्समधल्या सेबू बंदरात दुरुस्तीला लागलं आणि सात आठवडे गोदीत पडून राहिलं. गोदीच्या फाटकासमोर तेम्यो नावाच्या म्हाताऱ्या न्हाव्याचं दुकान होतं. तिकडे आजोबांना 'लोलो' म्हणतात. लोलो तेम्यो सकाळी दाढ्या करायचा आणि संध्याकाळी दुकानामागच्या अंगणात काठी शिकवायचा. उजव्या हातात लांब वेताची काठी, डाव्यात लाकडी सुरी. तिथे तीनशे वर्षं राज्य केलेल्या स्पॅनिश लोकांची एका हातात लांब निमुळती तलवार आणि दुसऱ्यात खंजीर घेऊन लढायची पद्धत होती. ती तिथल्या लोकांनी मार खाता खाता उचलली, असं लोलो सांगायचा. त्याच्याकडे खोलगट वाटीसारखी मूठ असलेली एक जुनी तलवारही होती, आणि वारांचे आकडे तो स्पॅनिशमध्येच मोजायचा. उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको. राज्य गेलं, आकडे राहिले.

माझा उजवा हात लोलोने पहिल्याच दिवशी नापास केला. मी काठी वल्ह्यासारखी मारतो असं त्याचं म्हणणं पडलं. त्याने तो हात टॉवेलने माझ्या कमरेला बांधून टाकला आणि सातही आठवडे मला फक्त डावा हात शिकवला. बाकीच्या विद्यार्थ्यांना माझ्यापासून वाचवायचा त्याला तेवढाच उपाय सुचला असावा.

ठाण्याला परतल्यावर मी हा टॉवेल गाळून बाकीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. सेबूच्या लोहाराकडून करून आणलेली तलवारीची नक्कल भिंतीवर टांगली. आमच्या जहाजावर भीमराव खरात नावाचा एक इंजिनखोलीतला कामगार होता, जालन्याकडच्या कुंभार पिंपळगावचा. त्याने घरी पत्रात माझ्याबद्दल काय काय लिहिलं देव जाणे. एक दिवस त्याच्या बहिणीचं, सुमनचं पत्र आलं. 'आमचे वडील आखाड्याचे उस्ताद आहेत, पट्टा खेळतात. आपण दोन्ही हातांनी खेळणारे आहात असे भीमरावने कळवले आहे. जयंतीच्या आधी आठ दिवस यावे. अण्णांना आपल्याकडून शिकायचे आहे.'

हे शेवटचं वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा ती कणीक मळायला उठून गेली.

बदनापूर

एप्रिल १९७५. मनमाडला गाडी बदलून छोट्या लाईनच्या गाडीत बसलो. तलवार गोणपाटात गुंडाळलेली. औरंगाबाद सोडल्यावर समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "काय हो, हे लंबंचवडं काय घेऊन राह्यले?"

तलवार म्हणावं तर पुढच्या स्टेशनावर पोलीस. मी म्हणालो, "मातीची खोली मोजायचं अवजार."

एवढ्या मोठ्या गाडीत नेमका तो माणूस बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात कामाला निघावा! त्याचे डोळे चमकले. "वीस वर्सांपासून मातीत काम करून राह्यलो, असं अवजार पाह्यलं न्हाई. बदनापूरला क्रॉसिंग हाय, गाडी थांबती. दावा की मंग."

बदनापूरला गाडी थांबली. फलाटाच्या टोकाला एप्रिलमधली काळी जमीन भेगाळून पडली होती. मी गोणपाटातून फक्त पातं बाहेर काढलं आणि एका भेगेत खुपसलं. ते मुठीपर्यंत विनासायास आत गेलं.

"भेग हाय ती," गृहस्थ म्हणाले. "ती किती खोल हाय ते मला अवजाराबिगर बी ठावं हाय."

तेवढ्यात गाडीने शिटी दिली. मी तलवार ओढली, ती येईना. तिरकी ओढली तेव्हा आली, पण पात्याला चांगलाच बाक घेऊन आली. धावत डबा गाठला. गृहस्थ फलाटावरून हात हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जी कीव होती, ती पुढचे आठ दिवस मला वेगवेगळ्या चेहऱ्यांवर भेटणार होती.

कुंभार पिंपळगाव, पहिला दिवस

जालन्याहून अंबड, घनसावंगी करत एस.टी. भर दुपारी गावात पोचली. स्टँडवर सुमनबाई उभ्या होत्या. पांढरी साडी, हातात छत्री, गावच्याच शाळेत शिक्षिका.

"जय भीम, साहेब. प्रवास बराबर झाला न्हं?"

मी जय भीम म्हटलं आणि प्रवास उत्तम झाल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे न पाहता हाताकडे पाहिलं. घरी पोचलो तर शेजारच्या आजीबाईंनी पाण्याचा तांब्या देता देता माझा पंजा धरला, उलटा केला, अंगठ्याने तळवा दाबून पाहिला.

"मऊ हाय गं, सुमन. निभल का?"

"निभल, आत्या."

कलावंताच्या हाताकडे लोक असंच पाहतात, अशी मी मनाशी समजूत घातली आणि आजीबाईंना दुसराही हात दाखवला. चहाच्या टपरीवर दोघा-तिघांनी आपणहून तळवे पाहायला मागितले, तेही दाखवले. माझ्या हातांची इतकी चौकशी लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

उस्ताद अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसले होते. साठीच्या पुढचे, सडसडीत, पांढऱ्याशुभ्र मिशा. त्यांनी डाव्या हाताने नमस्कार केला. उजवा हात मांडीवर होता, आणि तो कोणी तिथे ठेवून गेल्यासारखा पडून होता.

"दोन वर्सांमागं लकवा मारला," ते म्हणाले. "पाय आला माघारी, हात आला न्हाई. चाळीस वर्सं ह्या हातानं पट्टा खेळलो. दोन जयंत्या बाजेवर बसून पाह्यल्या. यंदा खेळायचं. डाव्यानं."

पट्टा म्हणजे लांब लवचीक पातं, आणि मुठीऐवजी कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंडी आवरण. हात आत घालायचा आणि आडवी दांडी धरायची. ज्याने आयुष्यभर उजव्या हाताने तो फिरवला, त्याला डाव्याने फिरवणं म्हणजे पुन्हा बोलायला शिकण्यासारखं. आणि त्यासाठी या माणसाने माझी निवड केली होती.

अशा वेळी शहाणा माणूस खरं बोलला असता. मी बाक आलेली तलवार उजव्या हातात घेतली, अंगणात मध्यभागी उभा राहिलो आणि स्पॅनिश पवित्रा घेतला. उनो म्हणून पुढे झेपावलो, तर पातं बाकामुळे भलतीकडे वळलं आणि बाजेच्या सुतळीत घुसलं. उस्ताद शांतपणे बाजूला सरकले. आम्ही दोघांनी मिळून ते सोडवलं.

"चांगलं हाय," उस्ताद म्हणाले. "आता डावा दावा."

मी लाकडी सुरी डाव्या हातात घेतली. टॉवेलचे सात आठवडे हाताला आठवले. पाय आधी, मग कंबर, मग मनगट, कोपर बरगडीला चिकटलेलं. पाच वार झाले आणि मी थांबलो. उस्ताद बाजेवरून उठून उभे राहिले होते.

"पुन्ना करा," ते म्हणाले. ते माझी थट्टा करत नव्हते हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मधले दिवस

पहाटे आणि संध्याकाळी शिकवणी. मी बोलायचो ते सगळं लोलो तेम्योचं, ओरडणं तेवढं माझं. पट्ट्याच्या आवरणातलं आतलं कातडं उजव्या हाताच्या घडणीने बसलेलं होतं, ते गावातल्या कारागिराने उसवून डाव्या हातासाठी पुन्हा शिवलं. उस्ताद पोराच्या वयाच्या माणसाकडून शिव्या खाल्ल्यासारखे माझं ऐकून घ्यायचे आणि तोच वार शंभर वेळा करायचे. चूक एकच राहत होती. दमले की त्यांचं कोपर बाहेर सुटायचं आणि पातं चार बोटं खाली यायचं.

"कोपर, उस्ताद!"

"व्हय, व्हय. सिंको पुन्ना."

लेझमाच्या पथकाने आकडे दोन दिवसांत उचलले. लेझीम घेतलेली बायाबाप्ये मराठवाड्याच्या उन्हात "उनो! दोस!" म्हणत पावलं टाकू लागली. लोलोच्या अंगणात सराव सुरू करताना विद्यार्थी छातीवर क्रूस काढायचे, इथे जमिनीला हात लावायचे. तिथे घाम पुसून भात, खारा मासा आणि व्हिनेगर मिळायचं. इथे भाकरी आणि येसर. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ शिजवून केलेली ही आमटी. "तिखट न्हाई, लेकरं बी खातेत," असं सुमनबाईंनी सांगितलं, म्हणून मी वाटी तोंडाला लावली. पुढची दहा मिनिटं मी अंगणात फिरत होतो. पथकातल्या बाया म्हणाल्या, मास्तर नवा डाव बसवून राह्यले.

मी सुखात होतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला मास्तर म्हणत होतं.

बाजाराचा दिवस

जयंतीला दोन दिवस उरले असताना गावचा आठवडी बाजार भरला. मी मोतीलालजींच्या किराणा दुकानात खोबरेल तेल घ्यायला गेलो. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले. आता बोलणं पक्कं इथलं.

"तुमीच का ते मास्तर? दावा बरं हात." मी सरावाने हात पुढे केला. त्यांनी चष्म्यातून निरखला. "कोणता देणार हायेत? माझं ऐका, डावा द्या. उजवा कामाधंद्याला लागतो."

"द्यायचा म्हणजे?"

मोतीलालजींनी तराजू खाली ठेवला. "तुमाला कोणी सांगितलं न्हाई?"

मग त्यांनी सांगितलं. उस्तादांच्या आखाड्याचा पिढ्यांचा कायदा आहे. शिकणारा पहिल्यांदा लोकांसमोर खेळतो तेव्हा शेवटी लिंबू कापायचं. लिंबू ठेवायचं शिकवणाऱ्याच्या तळहातावर. पट्टा आडवा येतो. वरची फोड उडाली पाहिजे, खालची तळहातावर राहिली पाहिजे. कसं शिकवलं ते शिकवणाऱ्याच्या हाताला कळलं पाहिजे, म्हणून हा कायदा. डाव्या हातापुरते उस्तादही आता नवे शिकणारेच होते.

"आणि शिकवणारा हजर नसला तर?"

"मंग खेळ न्हाई. बिलकुल न्हाई. उस्ताद कायदा मोडत न्हाईत."

मी हसत हसत विचारलं, "आजवर कोणाला काही झालं नसेल ना?"

"एकदाच. उस्ताद जवान होते, पहिल्यांदा खेळले, तवा त्यांच्या उस्तादाच्या करंगळीचं पेर गेल्तं." मोतीलालजींनी मला धीर द्यायला खांद्यावर हात ठेवला. "पर तवा ते उजव्यानं खेळले होते. तो हात चांगला होता त्यांचा."

मी तडक सुमनबाईंना गाठलं. शाळेच्या पायरीवर त्या वह्या तपासत होत्या. माझं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "आमाला वाटलं तुमाला ठावं हाय, साहेब. शिकवायचं म्हणलं की हात द्यायचा असतोच न्हं? तुमच्या तिकडं मास्तर काय देतो मंग?"

लोलो तेम्यो संध्याकाळ संपली की फुकटात दाढी करून द्यायचा. ते मी सांगितलं नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी

आता लाज वाटते ते लिहितो. सकाळी उस्ताद सरावाला गेलेले पाहून मी बाजेवर चिठ्ठी ठेवली, 'जहाजावरून तातडीचा निरोप आल्याने निघावे लागत आहे.' आठवडाभरात गावात तार आली नव्हती हे अख्ख्या गावाला माहीत होतं. जहाजाने मला काय कावळ्याकडून निरोप पाठवला, याचा विचार मी केला नव्हता. पिशवी आणि गोणपाट घेऊन मी जालन्याच्या एस.टी.त खिडकीशी जाऊन बसलो.

गाडीत पाणी भरायचं होतं, म्हणून ती आखाड्याच्या मैदानाशेजारच्या हौदापाशी थांबली. मैदानात उस्ताद एकटेच होते. पालथ्या घागरीवर लिंबाएवढा ओल्या मातीचा गोळा ठेवलेला. ते मोजत होते, त्यांचा आवाज मला गाडीत ऐकू येत होता. सिंकोला पट्टा आला, कोपर सुटलं, पातं खाली आलं आणि घागरीचं बूड फुटलं. त्यांनी वाकून दुसरी घागर पालथी घातली, एका हाताने नवा गोळा वळला, ठेवला. पुन्हा मोजलं. पुन्हा कोपर. फुटक्या घागरींचा ढीग बाजूला पडला होता.

ती प्रत्येक घागर म्हणजे माझा तळवा होता, हे मला अगदी नीट दिसत होतं. पळून चाललोय ते बरोबरच आहे, असंही वाटलं. पण ही चूक मला येत होती. साऱ्या जगात मला धड येणारी एकमेव गोष्ट म्हणजे ते कोपर आत कसं ठेवायचं. सात आठवडे मी ते चुकलो होतो आणि सात आठवडे लोलोने त्यावर काठी मारली होती. तिसऱ्या वाराला मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलो, "कोपर! बगलेत रुमाल धरा! रुमाल पडू द्यायचा नाही!"

उस्तादांनी वळून पाहिलं. कंडक्टरने घंटीच्या दोरीवर हात ठेवला. "साहेब, बसायचं का उतरायचं? जल्दी बोला."

मी उतरलो.

उस्तादांनी पिशवी पाहिली, गोणपाट पाहिलं. खिशातला रुमाल काढून त्यांनी डाव्या बगलेत धरला आणि म्हणाले, "गोळे संपले. वळा."

दिवसभर मी मातीचे गोळे वळत होतो. दुपारपर्यंत रुमाल दर वाराला पडत होता. उन्हं कलली तेव्हा पडायचा थांबला.

जयंती

निळे झेंडे, ढोल, गुलाबपाण्याचा शिडकावा, आणि सगळं गाव वेशीपासून मैदानापर्यंत. पथकाने उनो-दोसवर लेझीम खेळून दाखवलं. मग उस्ताद पट्टा घालून पुढे आले आणि गर्दीने मागे सरून जागा मोकळी केली. दोन वर्षं हा माणूस बाजेवर होता, हे सगळ्यांना आठवत होतं.

मोतीलालजींनी स्वतः लिंबू आणून माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. "सगळ्यात मोठं काढून दिलंय," ते पुटपुटले. ते मोठं होतं, पण संत्रं असतं तर बरं झालं असतं. मी हात लांब धरला. आजीबाई समोरच बसल्या होत्या, त्या मोठ्याने म्हणाल्या, "हलू नको बाबा, मऊ हात हाय तुझा."

उस्ताद फिरू लागले. पातं दिसत नव्हतं, नुसता वारा येत होता. उनो. दोस. मी बगलेकडे पाहायचा प्रयत्न केला, रुमाल तिथेच होता. त्रेस. क्वात्रो. इथे मी डोळे मिटले, त्याबद्दल लोलो तेम्यो मला क्षमा करो.

सिंको मला ऐकूच आला नाही. गार काहीतरी तोंडावर उडालं आणि ढोलांचा दणका बसला. डोळे उघडले. तळहातावर अर्धं लिंबू होतं, चमकत, अगदी सरळ कापलेलं. मी आधी बोटं मोजली. उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको. मराठीत मोजायचं सुचलंच नाही.

उस्तादांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण विचारणाऱ्यांना मी रस उडाला असं सांगितलं. मिरवणूक पुढे गेली तरी मी हात लांब करून तिथेच उभा होतो. शेवटी सुमनबाईंनी ती फोड उचलली, तांब्यातल्या सरबतात पिळली आणि तांब्या माझ्या हातात दिला. "आता मिटा मूठ, साहेब."

दुसऱ्या दिवशी निघताना उस्ताद बाजेवर बसले होते. मी शेजारी बसलो.

"पहिल्या दिवशी उजव्यानं काय केलंत ते मी पाह्यलं," ते म्हणाले. "तुमाला उजवा येत न्हाई."

"नाही येत," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच कोणापाशी कबूल करत होतो.

"मला येतो. करता येत न्हाई आता, पर सांगता येतो. चार रोज ऱ्हावा. मी सांगतो, तुमी करा. मंग घरी वर्सभर करा आन् पुढच्या जयंतीला येऊन खेळा." त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि उताणा माझ्या गुडघ्यावर ठेवला. तो जड होता, आणि तळव्याला चाळीस वर्षांचे घट्टे होते. "लिंबू ह्याच्यावर ठेवू. चुकलात तर ह्याला कळणार बी न्हाई."

त्याला कळणार नव्हतं. मला कळणार होतं. मी चार दिवस राहिलो.

या गोष्टीला आता अकरा महिने होतील. उजव्या बगलेत रुमाल धरून मी रोज सकाळी गच्चीवर मातीचे गोळे कापतो. बायकोने घागर द्यायचं बंद केलं, म्हणून डालड्याच्या डब्यावर ठेवतो. काल वीस गोळे ठेवले. सोळा बरोबर कापले गेले. चार वेळा पातं डब्यात शिरलं, आणि चारही वेळा मला डबा दिसला नाही, तो उताणा हात दिसला. खाली येऊन मी पिंपळगावला कार्ड लिहिलं, जसं गेल्या महिन्यातही लिहिलं होतं, की अजून एक वर्ष द्यावं, माझा हात तयार नाही.

त्या मागच्या कार्डाचं उत्तर आज आलं आहे. अक्षर सुमनबाईंचं, वाक्य त्यांच्या वडिलांचं.

'सावकाश या. हात इथंच हाय.'